मणी नसलेलं थायमिन

१

पेणच्या मूर्तिकाराला शिवी द्यायची असेल तर आईबापाचा उद्धार करायची गरज नाही. ‘काम कच्चं हाय’ एवढं म्हणा, तो जन्मभर तुमचं तोंड बघणार नाही. विठू घरतच्या तिरडीवर फुलं पडायच्या आधी हीच शिवी पडली, आणि ती त्याच्या लेकीने, वैशालीने, स्वतःच्या कानांनी ऐकली.

झालं होतं असं. रोह्याच्या एका कॉलेजात नवं विज्ञान दालन उघडायचं होतं. दालनाच्या मधोमध डीएनएची दोन पुरुष उंच प्रतिकृती उभी राहणार होती आणि ती विठूने केली होती. जन्मभर गणपती घडवलेल्या माणसाला हे कुठून सुचलं? तर लेकीमुळे. वैशाली नवी मुंबईला फॉरेन्सिक लॅबमध्ये डीएनए तपासायची. ‘‘माझी पोर दिवसभर काय वाचीत बसते, ते मला हातानं बघायचंय,’’ असं विठू अख्ख्या पेणमध्ये सांगत फिरला होता.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी तो एकटाच रोह्याला गेला. गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आणि कारखान्याच्या धन्यानेच आखायचे, ही पेणची रीत. तसाच या प्रतिकृतीचा शेवटचा तुकडाही आपणच बसवायचा, असा त्याचा हट्ट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दालनाचं दार उघडलं तेव्हा प्रतिकृती आडवी पडली होती आणि विठू तिच्याखाली मरून पडला होता.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जीव होता, कुणी पोचलं असतं तर वाचले असते. संस्थेचे सचिव प्रविण साळवी म्हणाले, काम कच्चं होतं. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. आठवडा उलटला नाही तोच विठूच्या कारखान्यातल्या मूर्तींची गिऱ्हाइकं फोन करून ‘यंदा राहू दे’ म्हणायला लागली.

वैशालीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. आतल्या आत मात्र ती चुलीसारखी पेटली होती.

‘‘गो वैशू,’’ हौसाआत्या म्हणाली. विठूची ही थोरली बहीण खारेपाटातली. मिठागरात पाय घालून उभी हयात गेलेली, जीभही तशीच खारट. ‘‘माज्या भावाचा काम कवा कच्चा नव्हता. ह्या कुनीतरी केलाय. त्याला तू सोडू नको.’’

‘‘नाय सोडत, आत्या,’’ वैशाली म्हणाली, आणि ते ती अगदी मनापासून म्हणाली.

२

रोह्याचा फौजदार विशाल हा वैशालीचा शाळासोबती. त्याने दालनाचं कुलूप काढून दिलं. ‘‘बघ तुझ्या समाधानासाठी. पण वैशाली, अपघाताची नोंद झालेली हाय.’’

सोबत जनूकाका होता. विठूच्या हाताखाली केस पिकलेला कारागीर. ढिगाऱ्याकडे बघून त्याने दारातच हात जोडले.

वैशाली मात्र कामाला लागली. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. दोन्ही बाजूंचे दोर साखर आणि फॉस्फेट एकाआड एक गुंफून झालेले, आणि मधल्या पायऱ्या दोन-दोन तुकड्यांच्या. एक तुकडा मोठा, एक छोटा. मोठ्या अ‍ॅडेनिनशी छोट्या थायमिनचीच जोडी जमते आणि ग्वानिनशी सायटोसिनची. दुसरा जोडीदार चालतच नाही. पहिल्या जोडीत दोन बंध, दुसरीत तीन. विठूने बंधांच्या जागी खुंट्या केल्या होत्या आणि रंगही ठरवले होते: अ‍ॅडेनिन शेंदरी, थायमिन पिवळं, बाकीचे दोन हिरवे नि निळे. म्हणजे अर्धी शिडी हातात असली की उरलेली अर्धी आपोआप सांगता येते. वैशालीचं लॅबमधलं पोट यावरच चालायचं.

तिने एका बाजूचा दोर धरला आणि तुकड्याला तुकडा लावत गेली. मधल्या पट्ट्यात सगळ्या जोड्या शेंदरी-पिवळ्या होत्या. तिथे पोचल्यावर तिचा हात थांबला.

‘‘काका, हे पिवळे तुकडे बघा. ह्यांना मणी नाय.’’

जनूकाकाने चष्मा पुसला. खऱ्या थायमिनच्या अंगावर मिथाइलचा एक छोटा गट असतो. तो नसला तर ते थायमिन राहतच नाही, युरॅसिल होतं, आणि युरॅसिलची जागा आरएनएत, डीएनएत नव्हे. विठूने त्या गटाच्या जागी मण्याएवढी गोळी लावली होती. गणपतीच्या गळ्यातले मणी जसे मूर्ती साच्यातून काढल्यावर हाताने लावतात, अगदी तशी.

‘‘मणी तर मीच लावले, सगळ्यांना,’’ जनूकाका पुटपुटला. ‘‘आनि हे आतून पांढरं काय हाय? आमचे तुकडे फायबरचे, पोटात लोखंडी सळी. हे पीओपीचे, पोकळ!’’

वैशालीने एक तुकडा बोटांत दाबला. पापडासारखा मोडला.

‘‘हे नमुन्याचे,’’ जनूकाका म्हणाला. ‘‘पहिला नमुना पीओपीचा काढलेला. त्याला पीळ दिला डावा. अगो, आम्ही पेणचे लोक! उजव्या सोंडेचा गणपती कडक, सोवळं पाळायला लागतं, म्हणून आमचा हात आपसूक डावीकडेच वळतो. नूतन मॅडम बघायला आल्या नि कपाळाला हात लावला. डीएनएचा पीळ उजवा असतो म्हणाल्या. आनि मणी पण नाय म्हणाल्या. मग त्याच साच्यातून सगळं नव्यानं केलं, मणी वरून लावले. नमुन्याचे तुकडे पोत्यात भरून मागं ठेवलेले. ते पोतं नंतर दिसलंच नाय. मला वाटलं, कुनीतरी भरावाला नेलं असंल.’’

तर हे असं होतं. कुणीतरी सळीचे पिवळे तुकडे काढून त्या जागी पोकळ तुकडे बसवले होते. बांबूची शिडी टेकवून वर चढलेल्या माणसाचा भार पडला, मधला पट्टा फुटला आणि दोन्ही जड दोर फाकून कोसळले.

‘‘तुकडा काढायला अवघड काय?’’ विशालने विचारलं. आता त्याचाही आवाज बदलला होता.

‘‘ठावं असलं तर सोप्पा. विठूदादानी मागच्या बाजूला अंगठ्याची खाच ठेवलीय, ही बघ. अंगठा दाबायचा नि फिरवायचा. असली खाच दुसरीकडं कुठं नाय, दादाच्याच डोक्यातली हाय ती.’’

वैशालीने मणी नसलेला एक धड तुकडा रुमालात बांधला. ‘‘लॅबमधला डीएनए राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘बाबांनी केलेलाच साक्ष देईल.’’

३

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दालनात एकट्याने वावरलेली माणसं तीनच होती. प्रतिकृती मागवणाऱ्या जीवशास्त्राच्या नूतन मॅडम, किल्ली बाळगणारे सचिव प्रविण साळवी आणि सजावट करणारा आदेश कडू. पोतं पेणला कारखान्यामागे उघड्यावर पडलेलं, म्हणजे ते उचलायला तिघेही मोकळे.

नूतन मॅडमनी तुकडा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘‘हा माझ्या मॉडेलमध्ये? शक्यच नाही. मण्यावरून तर मी तुझ्या बाबांशी भांडले होते. ते म्हणाले, एवढ्याशा मण्याने काय बिघडतं? मी म्हटलं, गणपतीचा एक दात मोडलेला असतो, तो तुम्ही विसराल का? तेव्हा हसले आणि कान धरले.’’ त्यांचे डोळे भरून आले. ‘‘मधला पट्टासुद्धा मीच सांगितला होता. दोनच बंध, म्हणून खरी शिडी तिथूनच आधी उसवते. मुलांना दाखवायचं होतं मला.’’

‘‘हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलं होतं?’’

‘‘अगं, त्या दुपारी सगळ्यांनाच! चहा पिताना प्रविणसर होते, सजावटीची माणसं होती.’’

‘‘सकाळी दार तुम्ही उघडलंत ना? तेव्हा आत शिडी होती? चढायची, बांबूची?’’

मॅडम थबकल्या. ‘‘शिडी तर बाहेर व्हरांड्यात होती. आणि दाराला बाहेरून कडी. मला वाटलं, शिपायाने लावली असेल.’’

वैशाली मनातल्या मनात जुळवायला लागली. वर चढलेला माणूस खाली पडतो आणि शिडी चालत बाहेर जाते? म्हणजे बाबा पडल्यावर कुणीतरी आत आलं होतं. त्याने त्यांना बघितलं, शिडी उचलली आणि बाहेरून कडी घातली. बाबा तेव्हा जिवंत होते.

‘आता सुट्टी नाय,’ ती मनात म्हणाली.

प्रविण साळवींनी तिला बसासुद्धा म्हटलं नाही. दालनाच्या जागी त्यांना वडिलांचा पुतळा हवा होता आणि समितीने नूतन मॅडमचं ऐकलं, हे सगळ्या रोह्याला माहीत होतं. ‘‘मी चहा झाल्यावर किल्ली टेबलावर ठेवून घरी गेलो,’’ ते तोडून म्हणाले. ‘‘तो सांगाडा मी धड बघितलाही नाही. एवढं काय असतं त्याच्यात? चार रंगाचे दगडधोंडे.’’

‘‘काम कच्चं होतं म्हणालात, ते न बघताच?’’

साळवींचा चेहरा लाल झाला. ‘‘पडलं म्हणजे कच्चंच ना!’’

हाच तो, असं वैशालीला क्षणभर वाटलं. हात शिवशिवले तिचे. पण नुसता राग म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला तिच्या नोकरीने शिकवलं होतं.

४

आदेश कडू हा विठूचा जुना शिष्य. आता पेणमध्येच त्याचा स्वतःचा मोठा कारखाना होता. वैशालीला बघून तो लगबगीने उठला, खुर्ची पुसून दिली.

‘‘वैशूताई, मला खूप वाईट वाटलं गो. माझा हात काकांनीच घडवला.’’

‘‘तरी बोलत नव्हतात तुम्ही दोघं.’’

आदेश कसनुसा हसला. ती गोष्ट पेणमध्ये सगळ्यांना पाठ होती. विठू बाहेर गेला असताना आदेशने न विचारता एका मूर्तीचे डोळे आखले होते. विठूने परत येऊन सगळ्या कारागिरांदेखत ती मूर्ती पाण्यात बुडवली, पार माती होईपर्यंत. त्याच दिवशी आदेश कारखाना सोडून गेला.

‘‘जुनं झालं ते,’’ आदेश म्हणाला. ‘‘मी रोह्याला गेलो ते मखर सजवायला. काकांच्या कामावर कापड होतं. ते मी उचललंसुद्धा नाय. पेणला बघितलं नाय, रोह्याला पण नाय. कशाला बघू? बघितलं असतं तर जीव जळला असता.’’

‘‘एकही तुकडा नाय बघितला?’’

‘‘देवाशपथ. कसे असतात ते पण मला ठावं नाय.’’

हे त्याने इतकं साधेपणाने सांगितलं, की वैशालीला ते खरं वाटलं. घरी येऊन ती हौसाआत्याला तसं म्हणालीही. आत्याने नुसतं नाक मुरडलं.

‘‘शपथ कुनी मागलेली त्याच्याकडं?’’ ती म्हणाली. ‘‘न मागता देतो तो लबाड. बाजारात मीठ इकताना मी बोलले कवा, देवाशपथ मीठ खारट हाय म्हनून?’’

वैशाली बराच वेळ रुमालातला तुकडा उलटसुलट करत बसली. मग तिने जनूकाकाला हाक मारली. ‘‘काका, तेरावं झालं की कारखान्याची पहिली माती मळायची ना?’’

५

घरतांच्या कारखान्याची रीत अशी, की धनी गेला की तेराव्यानंतरची पहिली माती आल्यागेल्याने मळायची. ज्याचं ज्याचं मेलेल्याशी काम पडलं असेल, त्याने मातीला हात लावायचा. नाही म्हणणं म्हणजे अपमान, म्हणून नाक मुरडत का होईना, प्रविण साळवीसुद्धा आले. अर्धवट गणपतींच्या रांगांमध्ये पाट मांडले होते. मागच्या मोठ्या मूर्तींच्या आडोशाला विशाल साध्या कपड्यांत उभा होता. ते वैशालीलाच माहीत होतं.

‘‘बाबांचं काम मी पुन्हा उभं करणार हाय,’’ वैशाली म्हणाली. ‘‘साचे फुटले. तुकडे पोलिसांकडं. जनूकाकाचा हात आता थरथरतो. म्हणून प्रत्येकाने शाडूचा एकेक तुकडा करून द्या, जसा जमेल तसा. थायमिन करा, पिवळं. बाबांच्या नावानं.’’ आणि मग मान खाली घालून ती हळूच म्हणाली, ‘‘बाबांसारखा हात आता पेणमध्ये कुणाचा उरलाय म्हणा.’’

गळ टाकला होता तिने. मासा कोणता लागतो, ते बघायचं होतं.

साळवींनी मातीचा लाडू वळला आणि हात झटकले. नूतन मॅडमनी ओबडधोबड षटकोन केला, त्याला दोन भोकं पाडली आणि आठवणीने बाजूला एक मणी चिकटवला. जनूकाकाने तुकडा वळून मणी लावला आणि डोळे पुसले.

आदेश सुरुवातीला नुसताच माती चाळवत होता. पण साळवींचा लाडू बघून त्याच्यातला कारागीर चाळवला. बोटं भराभरा फिरायला लागली. सहा कडा धारदार उतरल्या. दोन खुंट्यांच्या जागा नेमक्या आल्या. मग त्याने तुकडा उलटा केला आणि मागच्या बाजूला अंगठा टेकवून अलगद एक खाच ओढली. पाटावर ठेवला तेव्हा तुकडा असा सुबक दिसत होता, की नूतन मॅडमच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं.

वैशालीने रुमाल सोडला आणि ढिगाऱ्यातला तुकडा शेजारी ठेवला. दोन्ही जुळे भाऊ दिसत होते, मणी दोघांनाही नव्हता.

‘‘आदेशदादा, ही खाच कशाला ओढलीस?’’

‘‘तुकडा फिरवायला... ’’ तो बोलला आणि थांबला.

‘‘खाच पुस्तकात नाय. नेटवर नाय. मॅडमनी केली नाय, त्यांना तिची गरजच पडली नाय कधी. ती बाबांच्याच तुकड्यांवर होती, आणि तू तर एकही तुकडा बघितला नव्हतास. देवाशपथ.’’

‘‘कापडाखालून दिसला असंल कधीतरी... ’’

‘‘दिसला असता तर मणीसुद्धा दिसला असता!’’ वैशालीचा आवाज चढला. ‘‘कापडाखाली उभ्या असलेल्या प्रत्येक पिवळ्या तुकड्यावर मणी होता. मणी नाय ते फक्त नमुन्याचे, पोत्यातले. मॅडमना मणी ठावं, जनूकाकाला ठावं, साळवींना काहीच ठावं नाय. खाच ठावं आणि मणी ठावं नाय, असा माणूस एकच. ज्याने पोतं चोरलं, त्यातलेच तुकडे हातात खेळवले, खरे तुकडे कापडाखाली चाचपून घाईत काढले आणि हे माझ्या बापाच्या पायाखाली बसवले!’’

आदेशच्या बोटांवरची माती वाळायला लागली होती.

‘‘मला त्यांना मारायचं नव्हतं,’’ शेवटी तो म्हणाला. ‘‘उद्घाटनाला पडायला हवं होतं ते. सगळ्यांदेखत. माझी मूर्ती बुडवली होती ना त्यांनी सगळ्यांदेखत? तसंच. लोकांनी म्हणायला हवं होतं, विठू घरतचं काम कच्चं. ते आदल्या दिवशी येतील, हे मला काय ठावं!’’

‘‘आणि शिडी?’’

‘‘हातोडी राहिली होती, ती न्यायला परत गेलो. तर ते खाली... वरचं कापड अर्धवट काढलेलं. मी शिडी बाहेर नेली. म्हटलं, आपोआप पडलं असं वाटंल.’’

‘‘बाबा बोलत होते?’’

आदेशने मान खाली घातली. ‘‘हाक मारत होते.’’

‘‘कुणाला?’’

‘‘मला. आदेश, आदेश म्हणून.’’

‘‘आणि तू कडी घातलीस!’’ हौसाआत्या किंचाळली आणि हाताला आलेलं लाकडी धोपटणं घेऊन धावली. जनूकाकाने तिला कशीबशी धरली. विशाल मूर्तींमागून पुढे आला, आणि त्याला बघून आदेशने पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. सळीच्या पिवळ्या तुकड्यांचं पोतं पोलिसांना संध्याकाळी त्याच्याच कारखान्यात मिळालं.

६

पण त्याला जीपमध्ये घालायच्या आधी वैशाली म्हणाली, ‘‘विशाल, जरा थांब. मला ह्याला एक वस्तू दाखवायचीय.’’

तिने पर्समधून एक बारीक कुंचला काढला. खारीच्या केसांचा, दांडी घासून गुळगुळीत झालेली. विठू त्यानेच गणपतीचे डोळे आखायचा. पेणच्या कारागिरांनी तो लांबूनच बघितला होता.

‘‘हा बाबांच्या खिशात मिळाला,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘त्या संध्याकाळी ते रोह्याला का गेले, ठावं हाय? तू तिथं सजावटीला हायस, हे त्यांना कळलं होतं. शेवटचा तुकडा त्यांना तुझ्या हातून बसवायचा होता, आणि मग हा कुंचला तुला द्यायचा होता. मला फोनवर बोलले, पोराला फार दिवस लांब ठेवला मी. पडल्यावर तुलाच का हाक मारली त्यांनी? दुसऱ्या कुणाला का नाय? तुझीच वाट बघत होते ते, दादा.’’

आदेशने कुंचल्याकडे बघितलं. त्याने बेड्यांतले हात पुढे केले. वैशालीने कुंचला पर्समध्ये परत ठेवला आणि चेन लावली. तेव्हा तो जो ओरडला तो माणसासारखा ओरडला नाही. दोन हवालदारांनी धरून त्याला जीपमध्ये बसवावं लागलं. जीप वळणाआड गेली तरी आवाज येतच होता.

गल्ली रिकामी झाली. हौसाआत्या दारातल्या पायरीवर बसली. मग तिने भाचीकडे मान वळवली.

‘‘वैशू, माझा भाऊ आसा कवा बोलला व्हता गो तुला?’’

‘‘नाय बोलला, आत्या.’’

‘‘मंग कुंचला?’’

‘‘शेवटच्या तुकड्याचा रंग खरवडला होता. तो पुरा करायला नेला होता त्यांनी.’’ वैशालीने हात बादलीत बुडवून माती धुतली. ‘‘हाक खरी होती, कुंचला खरा होता. मधला तुकडा मी बसवला. आता तो जन्मभर तेच घोकत बसंल. फाशीने काय, एका दिवसात सुटला असता.’’

‘‘आनि तुझा बाप? खरा काय बोलायचा तो आदेशला?’’

‘‘बोलायचे,’’ वैशाली म्हणाली, ‘‘त्याला डोळे आखू देण्यापेक्षा मी आंधळा गणपती विकीन.’’

हौसाआत्याने पदराने तोंड पुसलं. ‘‘बरा केलास, पोरी,’’ ती म्हणाली.